तिनं सांगितलेला सिनेमा

तो सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्याची गोष्ट मला पंचवीस वर्षांपासून पाठ होती.

गेल्या वर्षीची गोष्ट. रविवारची दुपार होती. मुलुंडच्या आमच्या घरी जेवणं उरकली होती, बायको शाळेतल्या मुलांच्या वह्या घेऊन बसली होती आणि मी पेपर चाळत पडलो होतो. आमच्या मुलीला सध्या जुन्या इंग्रजी सिनेमांचं वेड लागलंय. काळे-पांढरे, नाचगाण्यांचे, ज्यांत माणसं बोलता बोलता टेबलावर चढतात आणि पाय आपटायला लागतात, तसले. ती टीव्हीसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “बाबा, आज माझ्याबरोबर बघ ना एक. सगळे म्हणतात एकदम झकास आहे.” मग तिनं सिनेमाचं नाव वाचून दाखवलं.

मी पेपर खाली ठेवला.

पंचविशी नुकतीच ओलांडली होती तेव्हा मी अंधेरीला, मरोळच्या एका इंडस्ट्रियल गाळ्यात नोकरीला होतो. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याचा अहवाल बोलून ठेवायचे. तो आवाज आमच्यापर्यंत पोचायचा आणि आम्ही हेडफोन लावून ऐकायचा, टाइप करायचा. पायाखाली पेडल असायचं. दाबलं की डॉक्टर बोलायचा, सोडलं की गप्प व्हायचा, टाचेनं दाबलं की मागं जाऊन पुन्हा तेच बोलायचा. सुरुवातीला आम्हाला काहीच कळायचं नाही. शिकवायला वांद्र्याहून एक वयस्कर बाई यायच्या. त्या म्हणाल्या, “कान तयार करायचा असेल तर इंग्रजी सिनेमे बघा. जुने बघा. जुन्या सिनेमांतली माणसं शब्द गिळत नाहीत.”

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकलं फक्त एकीनं.

ती माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. मुलुंडला राहायची. माणसं कणकवलीकडची. वडील गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले होते. मी घाटकोपरचा. आम्ही बौद्ध, मूळचे जालन्याकडचे, वडील महापालिकेत कामाला. घाटकोपरला ती गाडीतून उतरायची आणि तिथून मरोळपर्यंत आमची बस एकच असायची. मेट्रो तेव्हा नव्हती. पाऊण तास लागायचा, कधी सव्वा तास. इतक्या वेळात माणूस माणसाला सगळं सांगून टाकतो, आणि आम्ही सांगत होतो. तिला काय आवडतं, माझ्या आईचा स्वभाव कसा आहे, पगार वाढेल का, ऑफिसातला कोण कुणाच्या मागं आहे. एकच विषय आम्ही दोघंही टाळत होतो. तो टाळतोय हे दोघांनाही माहीत होतं असं मला वाटतं. निदान मला तरी होतं.

तिच्या मामानं मस्कतहून व्हीसीआर आणला होता आणि तिच्या बिल्डिंगखाली कॅसेटची लायब्ररी होती. सीडीचा जमाना आला होता, पण त्या दुकानात अजून जुन्या कॅसेटींची फळी होती. तिथून तिनं हा सिनेमा आणला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या म्हणाली, “अरे यार, काय सिनेमा बघितलाय मी काल! थांब, असा नाही सांगत. डबा खाताना सांगते.”

आम्ही डबा खायचो गच्चीच्या जिन्यात, पाण्याच्या टाकीखाली. अर्धा तास मिळायचा. तिथं तिनं मला तो सिनेमा सांगितला. एका दिवसात नाही, चांगले पंधरा दिवस. मला आजवर कुणी इतकं मन लावून काही सांगितलेलं नाही.

गोष्ट अशी होती. नायिका एका थेटरात नटनट्यांचे कपडे शिवणारी. तिची मोठी बहीण एका नाचणाऱ्याबरोबर पळून गेली आणि महिन्याभरात रडत परत आली. तेव्हापासून नाचणारा म्हटलं की हिचं डोकं फिरतं. आणि नायक नेमका नाचणारा. तो भलत्याच कामासाठी तिच्या घरमालकिणीचं दार वाजवतो. घरात पियानो बिघडलेला असतो आणि सूर लावणाऱ्या माणसाची वाट बघणं चाललेलं असतं. ही दार उघडते आणि म्हणते, “आलात? या, पियानो आत आहे.” तिला बघून तो ‘मी तो नव्हे’ असं म्हणायचं विसरूनच जातो.

मग तो पियानो उघडतो आणि एकेक भाग काढून जमिनीवर मांडतो. परत जोडता येत नाही. दुसऱ्या दिवशी यावं लागतं. तिसऱ्या दिवशीही. घरमालकीण वैतागते, पियानो आणखी बिघडत जातो आणि ही दोघं प्रेमात पडतात.

हे सांगताना ती बसून राहायचीच नाही. डबा पायरीवर ठेवायची आणि उठायची. नायक पियानोच्या झाकणावर नाचतो तो प्रसंग तिनं मला जिन्याच्या चौथऱ्यावर नाचून दाखवला. आधी अनवाणी नाचली. मग म्हणाली, “आवाज येत नाहीये,” आणि कोल्हापुरी घालून पुन्हा नाचली. टाच, बोटं, टाच, बोटं, एक गिरकी, ओढणी खांद्यावरून सुटलेली, हातात अजून चपातीचा तुकडा. खालच्या मजल्यावरचा शिपाई धावत वर आला. “काय पडलं हो?” ती म्हणाली, “काही नाही काका, पियानो पडला.”

गाण्यांचे शब्द तिला समजले नव्हते. चाल तेवढी लक्षात होती. त्या चालीवर ती स्वतःच्या मनानं मराठी शब्द घालायची. नायिका शिवता शिवता गाते त्या गाण्यात सुई हरवली होती, दोरा संपला होता आणि साहेबांची विजार उसवली होती. शिवाय गोष्टीत एक कुत्रा होता. घरमालकिणीचा, लठ्ठ, एका डोळ्यावर काळा डाग असलेला. नायक खोटं बोलला की तो भुंकायचा. नायक म्हणायचा, “मी दहा वर्षं पियानोचं काम करतोय,” की लगेच ती भुंकून दाखवायची. मी इतका हसायचो की भात घशात अडकायचा.

अर्धी गोष्ट झाल्यावर ती म्हणाली, “असं कर ना, रविवारी घरी ये. मी कॅसेट पुन्हा आणते. बघूनच टाक एकदा.”

मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून, पाव किलो काजूकतली घेऊन. चाळवजा जुन्या बिल्डिंगमधलं दोन खोल्यांचं घर, स्वच्छ सारवल्यासारखं पुसलेलं. वडील ड्युटीवर होते. आईनं माझ्यासाठी घावणे केले होते. दारातूनच म्हणाल्या, “ये रे ये. हिच्या तोंडात दिवसभर तुझाच नाव.” मला ताट वाढलं, समोर बसल्या. “खा रे झिला, लाजतंस कित्याक? किती बारीक तू!” ती टीव्हीजवळ खाली बसून कॅसेट मागं फिरवत होती. व्हीसीआरची घरघर चालली होती. मला त्या घरात इतकं बरं वाटत होतं की मी तिसरा घावणा मागून घेतला.

मग त्यांनी सहज विचारलं, “आडनाव काय रे तुझा?”

मी सांगितलं. गावही सांगितलं.

त्यांनी नारळाच्या रसाची वाटी पुढं केली आणि म्हणाल्या, “घ्या ना अजून. आवडलं नाही का तुम्हाला?”

एवढंच झालं. त्या बाईंनी माझा काडीचाही अपमान केला नाही. ताट तेच होतं, वाढणंही तेच होतं, हसणंसुद्धा होतं. फक्त मालवणी गेली आणि तिच्याबरोबर ‘तू’ही गेलं. व्हीसीआरची घरघर थांबली होती. तिची पाठ आमच्याकडे होती, कॅसेट मागं जाऊन थांबली होती, आता बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. मी म्हणालो, “निघतो मी. आईला जरा बरं नाहीये.” ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. थांब म्हणाली नाही. मीही थांबलो नाही.

सोमवारी बसमध्ये ती नेहमीसारखी माझ्या शेजारी येऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “हां, तर कुठं होतो आपण?” आणि दुपारी जिन्यात गोष्ट पुढं सुरू केली.

शेवट सांगितला त्या दिवशी ती नाचली नाही. डबा मांडीवर घेऊन बसूनच होती. नायकाचं खोटं उघडं पडतं. तो पियानोवाला नाही, नाचणारा आहे, हे तिला भर थेटरात कळतं. ती सामान बांधते आणि दूरच्या मावशीकडे जायला जहाजाचं तिकीट काढते. नायकाला उशिरा कळतं. तो टॅक्सी करतो, टॅक्सी गर्दीत अडकते, तो उतरून पळत सुटतो.

“मग?”

“मग पोचतो. जहाज सुटायला आलेलं असतं. ती वर कठड्याला टेकून उभी. खाली पेट्यांचा मोठा ढीग आहे, त्याच्यामागं हा येऊन थांबतो. तिला तो दिसत नाही. याला ती दिसते. तो हात वर करतो.” तिनं स्वतःचा हात वर केला. “आणि खाली घेतो. हाक मारत नाही. जहाज जातं.”

“आणि?”

“आणि काय? संपलं.”

“कॉमेडी म्हणत होतीस ना?”

“होतीच की. शेवटपर्यंत होती.” ती डब्यातली भाजी चमच्यानं एका बाजूला लोटत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्यानं हाक मारायला हवी होती, नाही रे?”

त्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मला तेव्हा घावण्याचं ताट दिसत होतं. माझी आई दिसत होती, जी अशा गोष्टींत आपल्याकडच्यांचे झालेले हाल मोजून सांगायची. मी मोठा समंजस माणूस असल्यासारखा म्हणालो, “मारून काय झालं असतं? ती उतरली असती, मग पुढं? घरचे, लोक, सगळा ताप. दोघांची दुनिया वेगळी होती. बरं झालं नाही मारली. शहाणा निघाला.”

“शहाणा,” ती म्हणाली. डब्याचं झाकण लावलं. “चल, वेळ झाली.”

दोन महिन्यांनी तिनं ऑफिसात पेढे वाटले. मुलगा बडोद्याला एका कारखान्यात इंजिनिअर होता. मी दोन पेढे खाल्ले आणि अभिनंदन केलं. लग्नाला आम्ही ऑफिसातले आठजण गेलो, सगळ्यांनी मिळून डिनर सेट दिला. तिच्या आईनं मला गर्दीत ओळखलं आणि दंडाला धरून म्हणाल्या, “जेवून जा हं.” त्यात ‘तू’ होतं की ‘तुम्ही’, ते कळायला मार्ग नव्हता. मी जेवलो आणि घरी आलो.

नंतर ती कंपनी बंद पडली. मला एका हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात नोकरी लागली. आईनं मुलगी बघितली, लग्न झालं, मुलगी झाली. बायकोच्या शाळेला जवळ म्हणून मुलुंडलाच घर घेतलं. बडोद्याला गेलेल्या तिच्या माहेरची माणसं तोवर गावी निघून गेली होती. माझा संसार चांगला झाला. हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. बायकोनं माझ्या आईचं शेवटचं आजारपण काढलं, तेही रोज सकाळी शाळा गाठून. आमच्यात भांडणं होतात ती पंख्याच्या स्पीडवरून.

तो सिनेमा मात्र मी पाहिला नाही. मिळाला नाही असं नव्हतं. एकदा घाटकोपरला स्टेशनबाहेर सीडीच्या गाडीवर तो दिसला होता. उचलला, मागचं चित्र बघितलं आणि परत ठेवला. पुढं तर सगळं फोनवरच मिळायला लागलं. मला वाटायचं, आपण तो बघितलेला आहे. जिन्यात, पाण्याच्या टाकीखाली, पंधरा दिवस बघितलेला आहे. त्याच्यापुढं दुसरं काय दाखवणार ते?

तर त्या रविवारी मुलीनं सिनेमा लावला.

पहिल्याच प्रसंगात माझी पंचाईत झाली. नायिका माझ्या डोक्यात सावळी होती, कोल्हापुरी घालणारी. पडद्यावर आली ती गोरीपान, कुरळ्या केसांची, टोपीवाली. तरी दार वाजलं, तिनं उघडलं आणि “आलात? या, पियानो आत आहे,” अशा अर्थाचं काहीतरी बोलली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मुलगी हसत होती. बायकोनंही वही मिटून मान वर केली होती. मी पुढचं वाक्य येण्याआधीच ओठ हलवत होतो.

पण जसजसा सिनेमा पुढं गेला तसतसं माझ्या लक्षात यायला लागलं. मी कुत्र्याची वाट बघत होतो. नायक म्हणाला, दहा वर्षं पियानोचं काम करतोय. कोणी भुंकलं नाही. घरमालकिणीच्या घरात कुत्राच नव्हता. एक मांजर होती, तीसुद्धा एकदाच पायऱ्यांवरून पळाली. झाकणावरचा नाच होता, पण छोटा. तिनं दाखवलेली गिरकी त्यात नव्हतीच. जिन्यात मी ज्यावर पोट धरून हसलो होतो ते निम्मं तिनं स्वतःच घातलेलं होतं.

जहाज आलं तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेलो आणि परत येऊन खुर्चीच्या कडेवर बसलो. टॅक्सी गर्दीत अडकली. तो पळत सुटला. धक्क्यावर पोचला. पेट्यांचा ढीग होता. तो त्याच्यामागं थांबलाच नाही! पेट्यांवर चढला, एकीवरून दुसरीवर, पाय आपटत, आणि जहाजाकडे तोंड करून घसा फाटेस्तोवर तिला हाका मारायला लागला. जहाज सुटलं होतं. तो एका होडीत उडी मारतो. होडीवाला गायला लागतो, धक्क्यावरचे हमाल गायला लागतात, कप्तान जहाज थांबवतो आणि ती दोरखंडाच्या शिडीवरून टोपी सांभाळत खाली उतरते. हलत्या होडीत ती दोघं नाचतात. इतकं खुळचट होतं ते सगळं. होडी बुडायला हवी होती खरं तर.

“बाबा!” मुलगी म्हणाली. “बाबा, ही कॉमेडी आहे. रडतोयस काय?”

मी म्हणालो, डोळ्यांत काहीतरी गेलंय. बायकोनं वही पुन्हा उघडली.

संध्याकाळी मुलगी बाहेर गेली तेव्हा बायको भाजी निवडत होती. मी समोर बसलो. ती म्हणाली, “कुणाची आठवण आली हो?”

तिच्याशी मी खोटं बोलत नाही, पण सगळंही बोलत नाही. म्हणालो, “जुन्या ऑफिसातल्या एकीनं ही गोष्ट सांगितली होती मला. शेवट वेगळा सांगितला होता. तो हाक मारत नाही, असा.”

बायकोनं मेथीची जुडी सोडली. बराच वेळ पानं खुडत राहिली. मग शिक्षकाच्या सरळ आवाजात म्हणाली, “मग तिलाच विचारा ना, का वेगळा सांगितला ते. आहे ना नंबर तुमच्या त्या ग्रुपवर? मनात ठेवून बसू नका.”

तिला किती कळलं होतं, मला अजूनही माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

जुन्या ऑफिसचा एक ग्रुप आहे मोबाइलवर. त्यात तिचा नंबर होता, सणासुदीला शुभेच्छाही यायच्या. मी तीन दिवस घेतले. बुधवारी दुपारच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या मागच्या बाकावर बसून निरोप पाठवला, “एक विचारायचं होतं. वेळ असेल तेव्हा सांग.” दोन मिनिटांत तिचाच फोन आला.

“अरे, तू! जिवंत आहेस? मोठ्यानं बोल हां, मला हल्ली कमी ऐकू येतं. त्या हेडफोननी वाट लावली कानांची.”

मुलगी सोडली तर मला ‘तू’ म्हणणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. आई गेली, बहीण लांब असते. मग हालहवाल झाली. तिचा मुलगा पुण्याला शिकतोय, नवरा निवृत्त व्हायला आलाय. मी सिनेमाचं नाव सांगितलं. म्हटलं, “रविवारी बघितला. पहिल्यांदाच.”

“आत्ता बघितलास? पंचवीस वर्षांनी?”

“तू शेवट चुकीचा सांगितला होतास.”

ती जोरात हसली. “अरे, मला कुठं माहीत होता शेवट! त्या कॅसेटमध्ये नव्हताच तो. टॅक्सी गर्दीत अडकते ना, तो उतरून पळत सुटतो, धक्क्यावरच्या पेट्यांपर्यंत पोचतो, आणि धाडकन कुणाचं तरी बारसं सुरू होतं. कुणी मेल्यानं लायब्ररीच्या कॅसेटवर बारशाचं शूटिंग केलं होतं. पाळणा, बायका, कुर्र करणाऱ्या आत्या. तू त्या दिवशी थांबला असतास तर तुलाही दिसलं असतं.”

मीही हसलो. दोघं हसत होतो. मग हसणं संपलं.

“मग तो शेवट?” मी विचारलं.

“तो मी केला.”

“का तसा केलास?”

“आता काय सांगू?” ती म्हणाली. आवाज खाली आला होता, तरी मला स्वच्छ ऐकू येत होतं. “मला वाटलं होतं तू म्हणशील, छे, असा शेवट असूच शकत नाही. भांडशील माझ्याशी. तुला विचारलं होतं मी. आठवतं?”

“आठवतं.”

“तू काय म्हणालास तेही?”

“हो.”

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केला असावा, कारण दुसरी झाली नाही. मला म्हणायचं होतं की मी तेव्हा घाबरलो होतो. की तुझ्या आईनं मला ‘घ्या’ म्हटलं आणि मी तिथंच खचलो. तिनं ते ऐकलं होतं की नाही, हे तर मला आयुष्यभर विचारायचं होतं. मी एवढंच म्हणालो, “त्या रविवारी...”

“ऐकलं होतं मी,” ती म्हणाली. “मी नंतर आईशी आठ दिवस बोलले नाही. पण तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. जाऊ दे रे. माझं चांगलं झालं. माझा नवरा खरंच भला माणूस आहे.”

“माझंही चांगलं झालं.”

“मग झालं तर.”

पण फोन दोघांनीही ठेवला नाही. मग ती म्हणाली, “आता तू सांग. खरं काय होतं शेवटी?”

मी सांगितलं. मला तिच्यासारखं सांगता येत नाही. होडीवाला आधी गातो की हमाल, यात गोंधळ घातला, मागं जाऊन पुन्हा सांगितलं. त्या बाकावर बसून मी बडोद्यातल्या एका स्वयंपाकघरात मोठमोठ्यानं सांगत होतो, की तो पेट्यांवर चढतो आणि हाका मारतो. जोरात मारतो. सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा. शेजारी डबा खात बसलेल्या दोन नर्स माझ्याकडे बघायला लागल्या. ती मध्ये एकदाच बोलली, “आणि ती उतरते?”

“उतरते. शिडीवरून.”

“बरं झालं,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “बघ ना तूपण. मुलगा लावून देईल.” ती म्हणाली, “नको. तू सांगितलास तेवढा पुरे.” मग पुन्हा एकदा हालहवाल, बायकोला नमस्कार सांग, मुलीला आशीर्वाद, आणि फोन बंद झाला.

त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. भांडण नाही, ठरवूनही नाही. बोलायचं होतं ते बोलून झालं होतं, आणि जे उरलं होतं ते फोनवर बोलण्यासारखं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, “केला का फोन?”

“केला. कॅसेट अपुरी होती म्हणे. पुढं कुणाचं तरी बारसं होतं.”

बायको पदर तोंडाला लावून हसली. “बघा, आणि तुम्ही उगाच रडलात,” असं म्हणून आत गेली.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आमच्या गॅलरीतून येऊरचा डोंगर दिसतो. उन्हाळा होता, डोंगर पार वाळून तांबूस झाला होता आणि मधूनमधून एखादं झाड हिरवं राहिलं होतं. मला आता कशाचीही अदलाबदल नको होती. आतली बाई, तिच्या वह्या, बाहेर गेलेली मुलगी, यांतलं काहीच सोडायला मी तयार झालो नसतो. तरी छातीत काहीतरी ओढत होतं, आणि ते कुठल्या दिशेला ओढतंय ते मला कळत होतं. तिकडं जायला आता कुठली बस नव्हती.

“अहो, चहा ठेवलाय,” आतून आवाज आला.

“आलो,” मी म्हणालो, आणि आणखी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो.